थळच्या नाखव्याची चाल

जनार्दन आषाढात गेला. त्यानंतर एका वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर त्याच्याबद्दल काही ओळी आल्या. 'आपल्या झोकांड्या खाणाऱ्या दारुड्याने लहानथोरांना हसवणारे चित्रकार' असं त्याचं वर्णन होतं. त्याचं वय चुकलं होतं, गाव थळऐवजी अलिबाग छापलं होतं. एवढं मी सोडून दिलं असतं. पण तो दारुडा जनार्दनाने काढलेला नाही. मी तसं कळवलं, ते कुणी छापलं नाही. अशातच या अंकाच्या संपादकांनी कार्टूनच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहून मागितल्या. म्हणाले, "तुम्ही मंडळी दिवसभर हसतच काम करत असाल." मी हो म्हटलं, कारण मला जागा हवी होती. गमती यात थोड्याच आहेत.

आमचं काम काय असतं ते आधी सांगते. पडद्यावर एखादं चित्र हात हलवतं तेव्हा प्रत्यक्षात काही हलत नसतं. सेकंदाला चोवीस चित्रं डोळ्यांपुढून जातात आणि डोळा फसतो. ही चित्रं आधी कागदावर पेन्सिलीने काढायची. मुख्य चित्रकार हालचालीतल्या महत्त्वाच्या जागा काढतो, हाताखालचे लोक मधली चित्रं भरतात. मग ती सगळी आमच्या खोलीत येतात. आम्ही बायका पांढरे सुती मोजे हातात घालून एकेक चित्र सेलवर गिरवायचो. सेल म्हणजे सेल्युलॉइडचा पारदर्शक ताव. पुढून शाईची रेघ, मागून रंग. रंगवलेला सेल रंगीत देखाव्यावर ठेवून कॅमेऱ्याने एक फोटो घ्यायचा, तो उचलून दुसरा ठेवायचा, पुन्हा फोटो.

एक युक्ती मात्र नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. एक आकृती एकाच सेलवर नसते. माणूस नुसता बोलत असेल तर धड एका सेलवर आणि डोकं दुसऱ्यावर. धड तसंच ठेवून फक्त डोकी बदलली की काम वाचतं. हात कधी तिसऱ्या सेलवर असतो. त्यामुळे आमच्या खोलीत कधी नुसती डोकी यायची, कधी नुसते हात. कुठलं डोकं कुठल्या धडावर बसणार ते कॅमेऱ्याच्या खोलीत ठरे, आणि तिथे आम्हांला जायची मुभा नव्हती. तयार चित्र लॅबमधून थेट गिऱ्हाइकाकडे जाई. आपण रंगवलेलं चित्र पडद्यावर पाहण्याचा योग आम्हांला क्वचित यायचा.

फोटो झाले की सेल धुवायचे. सेल परदेशातून येत आणि स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत मिळता मिळत नसत. सोड्याच्या कोमट पाण्यात बुडवायचे, फडक्याने हलक्या हाताने पुसायचे, दोरीवर वाळत घालायचे. गिरवून झालेले कागद रद्दीत जात आणि महिनाभर खपून काढलेलं चित्र पाण्यात जाई. हे धुणं माझ्याकडे होतं. माझं घर चौलचं, शिक्षण मुंबईच्या चित्रशाळेतलं. चित्रशाळेत धुणं शिकवलेलं नव्हतं.

आमचा स्टुडिओ दादरला एका गिरणीच्या मागच्या शेडमध्ये होता. मालकांना आम्ही साहेब म्हणत असू. साबण, बिस्किटं, दंतमंजन यांच्या जाहिराती आणि मधूनमधून समाजप्रबोधनाची छोटी चित्रं, हा आमचा धंदा. गिऱ्हाइकं एकेक भारी असत. दंतमंजनवाल्या शेठजींसाठी आम्ही एक हसरं पोर काढलं होतं. कार्टूनमधल्या माणसाच्या हाताला बहुधा चारच बोटं काढतात. शेकडो चित्रांत पाचवं बोट वाचलं की बरंच काम वाचतं, आणि बघणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. शेठजींच्या आलं. चित्र त्यांना दाखवलं तेव्हा मीही हजर होते. त्यांनी पडद्याजवळ जाऊन बोटं मोजली.

"बेन, आ शुं? एक आंगळी किधर गया?"

मी समजावून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "आमच्या मंजनने दात राहते. बोट कशाला जाते?"

साहेब हसले, आणि शेठजी गेल्यावर त्यांनी हुकूम सोडला की प्रत्येक चित्रात पाचवं बोट घाला. सगळे हात नव्याने काढले, नव्याने गिरवले, नव्याने फोटो घेतले. कुणी कुरकुर केली नाही. गिऱ्हाईक होतं ते. हे बोट वाचकांनी लक्षात ठेवावं.

जनार्दन आमच्याकडचा मुख्य चित्रकार. थळच्या कोळीवाड्यातला, अलिबागच्या शाळेत मॅट्रिक झालेला. सुट्टीला आम्ही बरोबरच निघायचो. भाऊच्या धक्क्यावरून लाँच, रेवसला उतरून एस.टी. लाँचमध्ये मी पुस्तक उघडून बसायची आणि तो लोकांचे पाय बघत बसायचा. म्हणायचा, "ताई, तुम्ही एक पुस्तक वाचेपर्यंत माझी शंभर होतात." नुसते पाय बघून तो माणसाचा धंदा सांगे. चुकलाच तर खाली मान घालून हसे.

एकदा मासळी बर्फात कशी ठेवावी यावर कोळीवाड्यांत दाखवायचं एक छोटं चित्र आमच्याकडे आलं. त्यात एक म्हातारा नाखवा, म्हणजे होडीचा प्रमुख, किनाऱ्यावरून चालत येतो आणि सगळ्यांना बर्फाचं महत्त्व पटवतो. जनार्दनाने त्या नाखव्याला आपल्या वडिलांची चाल द्यायचं ठरवलं. रजा घेऊन तो थळला गेला आणि ओहोटीच्या ओल्या वाळूत धर्मा नाखव्यांच्या मागे मागे हिंडला. पावलांचे ठसे कागदावर उतरवून घेतले. नाखव्यांचा डावा पाय लहानपणी दोरात अडकून दुखावलेला होता, तो किंचित मागे राहायचा. पाय फाकलेले, पावलं बाहेरच्या अंगाला, हात अंगापासून सुटे. धड लाटेवरच्या होडीसारखं या बाजूचं त्या बाजूला कलायचं. आणि एवढं सगळं डुलत असताना डोकं मात्र जागचं हलायचं नाही. जन्मभर डोळे पाण्याच्या टोकाला लावून उभ्या राहिलेल्या माणसाचं डोकं होतं ते.

ती चाल त्याने काढली तेव्हा स्टुडिओतले सगळे त्याच्या टेबलाभोवती जमले. तो अंगठ्याने कागद फरफर सोडायचा आणि नाखवा चालू लागायचा. मी या धंद्यात बरीच वर्षं घालवली. तशी चाल पुन्हा पाहिली नाही.

ते चित्र प्रचाराच्या गाडीतून थळला गेलं तेव्हा मी जनार्दनाच्या आग्रहावरून तिथे होते. वाळूत दोन वल्ही रोवून मध्ये पांढरं कापड ताणलं होतं. नाखवा पडद्यावर दोन पावलं चालला असेल नसेल, मागून बायकांत एकच गलका झाला.

"गे बाय, ह्यो तर आपला धर्मा नाखवा."

"नाखवा, हितं बी बसलाव नि तितं बी चालताव? येक कायतरी करा."

धर्मा नाखवे पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते. त्यांनी डोक्यावरची लाल टोपी काढून नीट घातली. जेवायला बसल्यावर मला म्हणाले, "बाय, जना सांगत व्हता, ही चितरं तुमी धुऊन टाकता. व्हय का?"

"हो नाखवा, सेल मिळत नाहीत."

"मंग काढता कशाला?"

जनार्दन म्हणाला, "बाबा, तुम्ही मासली पकडता, लोक खाऊन टाकतात. मंग पकडता कशाला?" नाखवे एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

मुंबईला परत आल्यावर जनार्दन माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "ताई, ती चाल धुऊ नका. बाकीचं सगळं धुवा." मी ते सेल मध्ये पातळ कागद घालून कपाटात ठेवले. त्यात फक्त धड आणि पाय होते. डोकी वेगळ्या सेलवर होती, ती धुतली गेली. साहेबांना हे ठाऊक होतं. त्यांची हरकत नव्हती. आता कळतं, का नव्हती ते.

पुढे दारूबंदीच्या प्रचाराचं एक काम आलं. कुठल्याशा समाजसेवी मंडळाचं होतं, घाईचं होतं. जनार्दन त्या वेळी बिस्किटांच्या जाहिरातीवर होता. आमच्या खोलीत नुसती डोकी आली: लाल नाक, मिटलेले डोळे, कलंडणारी. मागोमाग बाटली धरलेला एक हात आणि धडावर चढवायचा नुसता फाटका सदरा आला. आम्ही नेहमीप्रमाणे रंगवून दिले. चित्र झालं आणि गेलं.

त्या वर्षी शिमग्याला मी पुन्हा थळला होते. होळीचा माड उभा राहिला होता, बायका नवी लुगडी नेसून आल्या होत्या. तिन्हीसांजेला प्रचाराची गाडी आली आणि तसंच कापड ताणलं गेलं. पडद्यावर एक दारुडा आला. अंगात फाटका सदरा, हातात बाटली, डोकं इकडून तिकडे लोंबकळतंय. पाय फाकलेले. पावलं बाहेरच्या अंगाला. डावा पाय किंचित मागे.

माझ्या शेजारी जनार्दन होता. त्याने श्वास आत घेतलेला मला ऐकू आला.

आधी पोरांना कळलं. "धर्मा नाखवा," असं एक जण म्हणाला आणि सगळी खिदळायला लागली. मग मोठे हसले. सणाचे दिवस होते, पुष्कळांनी घेतलेली होती, त्यांना तर फारच गंमत वाटली.

"नाखवा आज लवकरच प्यायला बसला वाटतं."

"मालकरी म्हंतात, नि बाटली हातान."

धर्मा नाखवे खरोखरच माळकरी होते. आयुष्यात त्यांनी दारूला हात लावला नव्हता. पडद्यावरचा माणूस झोकांडी खाऊन उकिरड्यात पडला, कुत्र्याने त्याचं तोंड चाटलं. नाखवे उठले आणि अंधारातून घराकडे गेले. जाताना सगळे त्यांचे पाय बघत होते.

मला त्या लोकांचा राग आला नाही. ते हसले, कारण ओळखीचा माणूस दिसला. थळात लांबून येणाऱ्याला चालीवरूनच ओळखतात, तोंड दिसण्याआधी. राग आला तो ज्याने ते धड माझ्या नकळत कपाटातून काढलं, त्यावर दुसरं डोकं ठेवलं आणि काम झाल्यावर गुपचूप परत ठेवलं त्याचा. तो आजही गेलेला नाही.

स्टुडिओत माझी जागा साहेबांच्या खोलीच्या लाकडी फळीच्या भिंतीला लागून होती. जनार्दन त्यांच्याशी जे बोलला ते सगळं मला ऐकू आलं.

"साहेब, त्या चित्रातली चाल माझ्या वडिलांची आहे."

"अरे, चाल काय कुणाच्या बापाची असते?"

"ही आहे."

"हे बघ, तोंड वेगळं आहे, कपडे वेगळे आहेत. लोक तोंड बघतात."

"आमच्याकडे नाही बघत, साहेब. मी दुसरी चाल काढून देतो. सुट्टीच्या दिवशी बसेन, स्टुडिओचा वेळ घेणार नाही. तेवढी बदला."

"आता कुठे बदलतोस? प्रती गावोगाव गेल्या. आणि लोक पोट धरून हसतायत, प्रचार होतोय. चांगल्या कामासाठीच आहे ना? तू वडिलांना समजव, गंमत आहे म्हणावं."

मी फळीपलीकडे टाक हातात धरून बसले होते आणि शेठजींचं पाचवं बोट आठवत होते. एका शेठजींना एक बोट कमी वाटलं, तर शेकडो हात नव्याने काढले गेले. एका नाखव्याची अब्रू गेली, तर त्याला गंमत समजावून सांगायची होती. मी उठून आत गेले आणि हेच साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही तुमचं रंगकाम बघा." अलीकडे त्यांना कलेचे आश्रयदाते वगैरे म्हणतात, तेव्हा मला हे वाक्य ऐकू येतं.

थळला नारळी पौर्णिमेचा पहिला नारळ धर्मा नाखव्यांच्या हातून समुद्रात जायचा. त्या वर्षी ते नारळ घेऊन पाण्यापाशी गेले आणि मागून कुणीतरी म्हणालं, "संभालून, नाखवा. हात हालतंय तुजा." लोक हसले. नाखव्यांनी नारळ शेजारच्या माणसाच्या हातात दिला आणि ते घरी निघून आले. पुन्हा त्यांनी तो धरला नाही. गावाने एकदोनदा बोलावलं, मग तेही सोडून दिलं.

हे मला जनार्दनाने सांगितलं. पण त्याला जास्त लागलं ते वेगळंच होतं. "ताई, बाबांनी चाल बदललीय," तो म्हणाला. "पाय जवळ जवळ घेऊन चालतात, शाळामास्तरासारखे. समुद्राच्या बाजूने येतच नाहीत, मागच्या बांधावरून येतात. आणि आता खरंच तोल जातो त्यांचा." सत्तरीच्या घरातला तो माणूस नव्याने चालायला शिकत होता, कारण त्याच्या पायांवर दुसऱ्याची मालकी झाली होती.

जनार्दनाने नोकरी सोडली नाही. हा धंदा करणाऱ्या जागाच इन मिन दोन-तीन होत्या. पण त्यानंतर त्याने पडद्यावर माणूस चालवला नाही. साबणाच्या वड्या नाचवल्या, चहाच्या कपांना पंख लावले, अक्षरांच्या कोलांट्या काढल्या. माणसाचं काम आलं की म्हणे, "हे दुसऱ्याला द्या." साहेब त्याला थट्टेने साबणवाला म्हणत. परदेशातल्या कुठल्या महोत्सवात त्या दारुड्याच्या चालीची तारीफ झाली तेव्हा साहेबांनी त्याच्या गळ्यात हार घातला. त्याने तो काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसला. तारीफ जिची झाली ती चाल त्याची होती आणि चित्र त्याचं नव्हतं. हे कुणाला कसं समजावून सांगावं, हे त्यालाही कळत नसावं. कावीळ झाली तेव्हा तो टूथब्रशाचं काहीतरी काढत होता. त्यातच तो गेला, चाळिशी नुकती उलटली होती.

साहेबांनी शोकसभा ठेवली. दादरच्या एका सभागृहात, पुष्कळ लोकांना बोलावून. धर्मा नाखवे पुतण्याबरोबर थळहून आले होते. धुतलेला सदरा, हातात तीच लाल टोपी. मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. भाषणं झाली. मग साहेब म्हणाले, "जनार्दनाला रडणं आवडलं नसतं. आपण त्याचं सगळ्यांत गाजलेलं चित्र पाहू या."

मी उठून त्यांच्यापाशी गेले. "साहेब, हे दाखवू नका. त्याचे वडील इथे बसलेत."

"म्हणूनच तर, बाई. मुलाने किती हसवलं ते कळू दे त्यांना."

दिवे गेले. दारुडा आला. लोक आधी बिचकत हसले, मग मोकळेपणाने. कुत्रं यायच्या आधी धर्मा नाखवे उभे राहिले.

"सायब," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण वाऱ्यात हाक मारायची सवय असलेला होता. "पाय माजं हाईत. माज्या पोरानं काढलंत. डोकं माजं न्हाय. माजं डोकं हालत न्हाय."

बाहेर जायचं दार पडद्यापलीकडे होतं. नाखवे तिकडे निघाले, प्रोजेक्टरच्या झोतातून. मास्तराच्या चालीने नाही. पाय फाकून, धड या बाजूचं त्या बाजूला कलत, डावा पाय किंचित मागे. त्यांची सावली पडद्यावर पडली आणि त्या दारुड्याच्या अंगावरून चालत गेली. पाय तेच होते, डुलणं तेच होतं. वर डोकं मात्र जागच्या जागी, सरळ. सावली पडद्याच्या टोकाला पोचली तोवर सभागृहात कुणी हसत नव्हतं. ज्या वार्ताहराने पुढे त्या ओळी छापल्या तोही तिथेच बसला होता. म्हणून म्हणते, ती चूक अज्ञानाची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाखव्यांना पोचवायला भाऊच्या धक्क्यावर गेले. लाँच लागायची होती. मी त्यांना विचारलं, "नाखवा, जनार्दनाने काढलेली ती चाल अजून माझ्या कपाटात आहे. तुम्हांला आणून देऊ?"

"मना कशाला?" ते म्हणाले. नजर पाण्यावर होती. "पोराच्या हातचं हाय, त्ये खरं. पन तितं ऱ्हायलं तर ते सायब पुन्ना कुनाचं तरी डोकं ठेवतील. तू धू, बाय. मी चालतंय नं अजून."

मग फळीवरून लाँचवर चढले. खलाशाने हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. घ्यायची गरज नव्हती.

मी सेल धुतले. शाईची रेघ आधी सुटते, रंग नंतर. पावलं पाण्यात विरघळली, मग गुडघे, मग कलणारं ते धड. जनार्दनाने इतकं चांगलं दुसरं काही काढलं नव्हतं, आणि यापुढे काढणार नव्हता. मी प्रत्येक सेल दोन्ही बाजूंनी पुसला आणि दोरीवर टाकला. काचेसारखे स्वच्छ झाले होते.

काही आठवड्यांनी एका सोडावॉटरवाल्याचं काम आलं. साहेब स्वतः माझ्या खोलीत आले, कपाट उघडलं आणि शोधाशोध करू लागले.

"बाई, त्या दारुड्याची धडं कुठायत?"

"धुतली," मी म्हटलं. "सेल कमी पडत होते."

"धुतली? अहो, ती चाल आता आणायची कुठून?"

ती थळला आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.